चाकांवरचे घर आणि शंभर लिटर पाणी

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य दिसू लागते. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून उसतोडीला निघालेल्या गाड्या. बैलगाडीची जागा आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने आणि ट्रकने घेतली आहे. पण गाडीत भरलेला संसार तोच. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, वळकट्या, मागे बांधलेली घागर, डालग्यात कोंबड्या आणि या सगळ्यांच्या वर बसलेली पोरे. पाच-सहा महिन्यांचे घर त्या गाडीत असते.

अलीकडे शहरांतून चाकांवरच्या घराची फार हौस निघाली आहे. मोटारीतच झोपायचे, मोटारीतच रांधायचे आणि मन मानेल तिकडे जायचे. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्यासाठी पर्यटनाचे खास धोरणही जाहीर केले. ही कल्पना परदेशातून आली असे आपण समजतो. पण आपल्या जिल्ह्याला ती नवी नाही. फरक एवढाच, की एक घर हौसेने निघते आणि दुसरे गरजेने.

गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका हौसेच्या घरात बसून धाराशिवहून थेट लडाखातल्या लेहपर्यंत जाऊन आलो. डोंगर आणि बर्फ यांचे वर्णन ओघाने येईलच. परंतु मला आज मुख्यतः सांगायचे आहे ते पाण्याबद्दल. माझे वय पंचेचाळीस. जन्म दुष्काळी भागातला. तरी पाण्याचा हिशेब मी शिकलो तो या प्रवासात, आणि तोही एका ड्रायव्हरच्या हाताखाली.

आमची गाडी म्हणजे एक जुना प्रवासी टेंपो. एका मित्राने परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन त्यातल्या खुर्च्या काढल्या होत्या. दोन बाजूंना झोपायच्या फळ्या, मागे गॅसची शेगडी, कोपऱ्यात झाकणाचा संडास आणि टपाच्या खाली शंभर लिटर पाण्याची टाकी. माणसे चार. मी, माझी पत्नी, शेजारचे निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि ड्रायव्हर. गुरुजी मूळचे तेरचे, गोरोबाकाकांच्या गावचे, नेमाने पंढरीची वारी करणारे. ड्रायव्हरला आम्ही सगळे दादा म्हणत होतो. दादांचे बालपण उसाच्या फडात गेलेले. आईबाप उचल घेऊन साखर कारखान्यांवर जात, आणि त्यांच्याबरोबर हेही. शाळा सुटली ती तिथेच.

आता रस्त्याची एक मौज सांगतो. धाराशिवच्या बाहेरून जो मोठा रस्ता जातो, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२. आपण त्याला बीडचा रस्ता म्हणतो किंवा सोलापूरचा रस्ता म्हणतो. पण तोच रस्ता धरून येडशी, तेरखेडा, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार असे करीत सरळ गेले की पंजाबातले संगरूर येते. आपल्या दारातला रस्ता पंजाबात जाऊन थांबतो हे मला तोवर माहीत नव्हते!

गुरुजींना मात्र यात नवल वाटले नाही. ते म्हणाले, "अहो सर, आमच्या तेरला काय समजलात? दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जात होता. तवा कुठला आला होता डांबरी रस्ता?" गुरुजींचे म्हणणे खरे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक जाणकाराने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तीत पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, या दोन गावांचा माल बिनरस्त्याच्या मोठ्या मुलखातून गाड्यांनी भडोचला नेला जाई, असा उल्लेख आहे. तेव्हा चाकांवर संसार घालून उत्तरेकडे निघणे ही आपल्या जिल्ह्याची जुनी रीत म्हणावयास हरकत नाही.

पहिला मुक्काम धुळ्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या आवारात पडला. संध्याकाळी आम्ही हातपाय धुतले, चूळ भरली, भांडी घासली, भाजी धुतली, आणि रात्री नऊ वाजता तोटी सोडली तर पाणी नाही. शंभर लिटर पाणी चौघांनी एका दिवसात संपवले होते! वास्तविक आंघोळ कुणीच केली नव्हती. मी म्हणालो, टाकी गळत असेल. दादा खाली वाकून टाकी पाहून आले आणि म्हणाले, "टाकी न्हाई गळत, सर. आपलाच हात गळतोय."

दुसऱ्या दिवशी दादांनी नियम घालून दिले. तोटीखाली थेट हात धरायचा नाही. तांब्यात पाणी घ्यायचे आणि तांब्याने वापरायचे. तांदूळ धुतलेले पाणी फेकायचे नाही, त्यात खरकटी भांडी भिजवायची. भांडी आधी राखेने किंवा कागदाने पुसायची, मग दोन पाण्यांत धुवायची. शेवटचे पाणी बादलीत साठवून संडासाला वापरायचे. कुठे शिकलात, असे पत्नीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आमच्या कोपीत सात माणसं आन दोन घागरी. आई रात्री घागरीत हात घालून बघायची, सकाळच्याला किती उरतंय ते."

गुरुजींनी एक वही केली. डाव्या पानावर ओलांडलेल्या नद्या लिहायच्या आणि उजव्या पानावर वापरलेले पाणी. डावे पान भराभर वाढले. शहागडला गोदावरी, शिरपूरजवळ तापी, खलघाटला नर्मदा, कोट्याला चंबळ. उजवे पान मात्र दिवसागणिक आखडत गेले. आठ दिवसांनी असे झाले की तीच शंभर लिटरची टाकी आम्हांला तीन दिवस पुरू लागली. म्हणजे माणशी रोज आठ लिटरांच्या आसपास, पिण्याचे धरून.

पंजाब मागे टाकून आम्ही हिमाचलात शिरलो. मंडीपासून मनालीपर्यंत बियास नदी सोबतीला असते. हिरवेगार देवदार, सफरचंदाच्या बागा आणि पांढरेशुभ्र फेसाळ पाणी. मनालीच्या पुढे पूर्वी रोहतांगची खिंड चढून जावे लागे. तिची उंची ३,९७८ मीटर, आणि हिवाळ्याचे कितीतरी महिने ती बर्फाने बंद. आता तिच्या पोटातून बोगदा काढला आहे. अटल बोगदा. लांबी नऊ किलोमीटरांहून थोडी अधिक. ऑक्टोबर २०२० मध्ये तो खुला झाला. दहा-पंधरा मिनिटांत आपण डोंगराच्या पलीकडे निघतो, आणि पाहतो तर देशच बदललेला! अलीकडे दाट झाडी, पलीकडे उघडे बोडके डोंगर. पावसाचे ढग अलीकडेच अडतात, पलीकडे फार थोडे पोहोचतात. सह्याद्री आणि मराठवाडा यांचे जे नाते, तेच येथे दहापट उंचीवर मांडलेले आहे. दादा म्हणाले, "सर, हे तर आपल्याच गावाकडं आल्यावाणी झालं."

बोगद्यातून बाहेर पडल्यावर एक नदी लागते. तिचे नाव चंद्रा. पुढे तांदी नावाच्या ठिकाणी उत्तरेकडून दुसरी नदी येऊन तिला मिळते. तिचे नाव भागा. आणि दोघी मिळून पुढे जाते ती चंद्रभागा! हीच नदी खाली उतरल्यावर चिनाब म्हणून ओळखली जाते. हे ऐकले मात्र, गुरुजींनी गाडी थांबवायला सांगितली. पंढरपूरच्या भीमेला आपण चंद्रभागा म्हणतो ती तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे. ही हिमालयातली वेगळी. पण गुरुजींना त्याचे काय? काठावर उतरून त्यांनी पाण्यात हात घातला आणि ताबडतोब बाहेर काढला. पाणी म्हणजे नुसते वितळलेले बर्फ. डोळे मिटून काही वेळ उभे राहिले. मग वहीच्या डाव्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरांत चंद्रभागा लिहिले.

तेथून केलांग आणि जिस्पा. जिस्पाची उंची सुमारे ३,२०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. या उंचीवर हवा विरळ होते आणि शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून आम्ही दोन रात्री तेथेच राहिलो. तिसऱ्या दिवशी निघालो, दारचा ओलांडले आणि झिंगझिंगबारपर्यंत चढलो. तेथे गुरुजींचे डोके दुखू लागले. आधी ते बोलले नाहीत. चहा नको म्हणाले, भाकरी नको म्हणाले, आणि मग गाडी थांबवून त्यांना उलटी झाली.

समोर बारालाचाची खिंड होती, सुमारे ४,९०० मीटर उंचीची. ती ओलांडली की सरचूला मुक्काम. मला वाटले, आता एवढे आलोच आहोत तर पुढे जाऊ, संध्याकाळपर्यंत बरे वाटेल. गुरुजीही मान हलवीत होते. त्यांना आमचा खोळंबा नको होता. पण नकाशा पाहिला तर ध्यानात आले, की सरचूसुद्धा चार हजार मीटरांच्या वर आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खिंडी आहेत. तेथे रात्री दुखणे वाढले तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागेल. विरळ हवेच्या दुखण्यावर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे खाली उतरणे. दादांनी मला विचारलेही नाही. ते म्हणाले, "बैलानं मान टाकली की जू उतरवायचं असतं, सर. मुक्काम काय पळून जात न्हाई." आणि गाडी वळवली.

ते बरोबर होते. मी चुकीच्या बाजूला होतो हे येथे कबूल केले पाहिजे. जिस्पाला परत येताच गुरुजींना आराम पडला. तेथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, की उतरलात हे चांगले केलेत. आणखी दोन दिवस थांबलो. आमच्या श्रोत्यांपैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे, की डोके दुखणे, भूक मरणे, उलटी होणे या खुणा दिसल्या की चढणे बंद करावे, आणि कमी न झाल्यास खाली यावे. कुणाची भीड धरू नये.

दुसऱ्या खेपेला बारालाचा सुखरूप ओलांडली. जूनचा पहिला पंधरवडा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाडीहून उंच बर्फाच्या भिंती, आणि मधून वाहणारे गढूळ पाणी. भागा नदी जेथून निघते ते सूरजताल अर्धे गोठलेले होते. उरलेल्या अर्ध्यात आकाश उतरले होते. इतके निळे पाणी मी कधी पाहिले नव्हते. ड्रायव्हर बोलेना, गुरुजी बोलेनात. पत्नी म्हणाली, "एवढं पाणी, आणि प्यायला एक थेंब नाही." कारण ते सारे दगडासारखे घट्ट.

आता माझ्या हातून झालेली चूक. सरचूला रात्री कडाक्याची थंडी पडते. दादांनी मला एकच काम सांगितले होते, की झोपण्यापूर्वी तोटी उघडून नळीतले पाणी काढून टाका. पाणी गोठले की फुगते आणि नळी फोडते. हे मी शाळेत शिकलो होतो. पण मला दमल्यामुळे उठवेना. म्हटले, एका रात्रीत काय होते? सकाळी तोटी तडकलेली. ऊन चढल्यावर बर्फ वितळले आणि टाकीतले साठ-सत्तर लिटर पाणी वाळूत जिरून गेले. आमच्याजवळ पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या तेवढ्या राहिल्या. दादा रागावले नाहीत. नुसते पाहात राहिले. त्यापेक्षा रागावले असते तर बरे झाले असते.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स म्हणून वळणांचा घाट आहे. एकवीस वळणे. प्रत्येक वळणावर गाडी आपल्याच मागच्या वाटेच्या डोक्यावर येऊन उभी राहते. विरळ हवेत इंजिनालाही दम लागतो. वरची नकी ला ओलांडून उतरलो तेव्हा इंजिन इतके तापले होते की थांबणे भाग होते. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. रेडिएटरमधले पाणी उतरले होते, आणि आमच्या बाटल्या त्यात ओतल्या तर पिणार काय?

रस्त्याच्या कडेला तंबू होते. हा सारा रस्ता सीमा रस्ते संघटना सांभाळते. ७ मे १९६० रोजी ती स्थापन झाली, आणि तेव्हापासून या उंच मुलखातले रस्ते तिच्याकडे आहेत. दगड फोडणारी, दरड उपसणारी माणसे मात्र बहुधा दुरून आलेली असतात. या तंबूतली माणसे झारखंडातल्या दुमका भागातली होती. उन्हाळ्यात बर्फ वितळले की यायचे आणि थंडी पडू लागली की परत जायचे. चेहऱ्याला फडके बांधलेले, ओठ थंडीने फुटलेले. त्यांनी खालच्या नाल्यातून आणून ठेवलेल्या पिंपातले दोन डबे पाणी आमच्या रेडिएटरला दिले आणि एक आम्हांला भरून दिला. मी खिशात हात घातला तर त्यांचा मुकादम म्हणाला, "पानी का पैसा नहीं लेते, बाबूजी." तो नाला सुमारे दीडशे हात खाली होता. तेवढे पाणी त्या हवेत वर आणायचे म्हणजे काय, हे चार पावले चालून धापा टाकणाऱ्या मला चांगले समजत होते.

दादा त्यांच्या तंबूत जाऊन बसले. चहा घेतला. त्यांच्या चुलीजवळ एक पोरगा चिखलाने पत्र्याच्या भोकाला लिंपण लावीत होता, ते यांनी नीट करून दिले. परत आल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोपीच की, सर. नुसती उंचावर हाय." मी हिमालय पाहायला गेलो होतो. पण त्या रस्त्यावर मला जो धडा मिळाला तो असा, की आपण ज्या रस्त्याने हौसेचे घर हाकतो, तो रस्ता गरजेने घर सोडलेल्या माणसांनी राखलेला असतो. आणि त्यांनी आपल्याला पाणी दिले.

पुढे पांग लागले. तेथे तोटी बदलून घेतली. मग मोरे नावाचे अफाट पठार, चाळीस किलोमीटर सरळ आणि सपाट. झाड नाही, घर नाही. लांबवर रानगाढवांचा एक कळप दिसला. तेथे त्यांना कियांग म्हणतात. पठार संपले की तांगलांग ला, ५,३०० मीटरांहून उंच. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी ही खिंड वर उरेल. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्यावर येतो. आम्ही पाच मिनिटे थांबलो आणि उतरलो. खाली उपशीला सिंधू नदी भेटली. गुरुजींच्या डाव्या पानावरची शेवटची नदी.

उपशीच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही दुपारी थांबलो. चारी बाजूंना तांबडे-पिवळे उघडे डोंगर आणि मधे सातूची कोवळी हिरवी शेते, पॉपलरची उंच झाडे. लेहच्या भागात वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मग हे हिरवे कशावर? एका वृद्ध शेतकऱ्याने हिंदीत समजावून सांगितले. वर डोंगरावरचे बर्फ वितळते; ते पाणी दगडांच्या पाटांनी गावात आणतात. रात्री वाहून जाऊ नये म्हणून छोट्या तळ्यात अडवतात. त्या तळ्याला झिंग म्हणतात. आणि पाळीचे पाणी कुणाला केव्हा मिळेल हे ठरविणारा एक माणूस गाव नेमते. त्याला चुरपोन म्हणतात, म्हणजे पाण्याचा कारभारी. त्याचा शब्द सर्वांनी मानायचा. आमच्या गुरुजींनी विचारले, "भांडणे होत नाहीत?" म्हातारा हसला. म्हणाला, होतात, म्हणून तर चुरपोन आहे.

त्यांची खरी अडचण वेगळी आहे. पेरणीला पाणी लागते एप्रिल-मे महिन्यांत, आणि वरच्या हिमनद्या भरपूर वितळू लागतात जूनपासून पुढे. यावर तेथल्याच एका स्थापत्य अभियंत्याने, चेवांग नोर्फेल यांनी, १९८७ च्या सुमारास तोड काढली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाच्या जवळ, सावलीच्या उतारावर, दगडी बांध घालून थोपवायचे आणि गोठू द्यायचे. ते बर्फ गावाच्या जवळ, खालच्या उंचीवर असल्यामुळे आधी वितळते आणि पेरणीला पाणी मिळते. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी दुसरी युक्ती केली. वरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडवायचे. थंडीत ते उडता उडता गोठते आणि बर्फाचा उंच स्तूप उभा राहतो. निमुळता असल्यामुळे त्याला ऊन कमी लागते आणि तो हळूहळू वितळतो. आम्ही गेलो तेव्हा ते स्तूप वितळून गेले होते. पण त्यांच्या पाण्यावरची रोपटी उभी होती.

श्रोतेहो, शंभर मिलिमीटर पावसाचे लोक असे वागतात. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास आहे. सातपट! तरी २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आपल्या गावांतून टँकर फिरले. उलट २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे नद्यांनी शेते खरवडून नेली. लडाखलाही असा घाव बसलेला आहे. ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्रीच्या ढगफुटीने लेहमध्ये हाहाकार केला. निसर्ग दोघांनाही सारखाच लहरी आहे. म्हणून सरासरीवर विसंबून चालत नाही. आले तेव्हा धरून ठेवणे एवढेच आपल्या हाती.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते असेही नाही. नळदुर्गला जा आणि बोरी नदीवरचा तो बांध पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदी अडवून त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळते तेव्हा आपण छायाचित्रे काढतो. काढावीतच. पण हा बांध किल्ल्याला पाणी पुरविण्यासाठी आहे, हेही मुलांना सांगावे.

शेवटी शिक्षक बंधु-भगिनींना दोन गणिते देतो. पहिले असे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर आणि पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर सत्तर हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे समजा. उरले छप्पन हजार. शंभर मुलांना रोज माणशी पाच लिटर दिले तर ते एकशे बारा दिवस पुरते. हेच छप्पर लेहमध्ये असते तर पाणी भरते दहा हजार लिटरच. मुलांना हे गणित आपल्याच शाळेचे छप्पर मोजून करू द्या. पन्हळ आणि टाकी यांची गोष्ट मग ती आपण होऊनच काढतील.

दुसरे गणित घरचे. गुरुजींसारखी एक वही करावी आणि आठ दिवस घरात किती पाणी लागते ते लिहावे. जलजीवन मिशनने २०१९ पासून खेड्यांत माणशी रोज पंचावन्न लिटर हे माप धरले आहे. आपण त्याच्या वर आहोत की खाली? येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जी माउली मैलभरावरून डोक्यावर हंडे आणते, तिला काटकसर शिकविण्याचा मला अधिकार नाही. तिला हिशेब पाठ आहे. ही वही माझ्यासारख्या नळवाल्यासाठी आहे. आणि वर्गात एखादे उसतोडीचे मूल असेल, दिवाळीनंतर जाणारे किंवा उन्हाळ्यात परतलेले, तर या तासाला त्यालाच पुढे उभे करावे. दोन घागरींत सात माणसे कशी राहतात हे त्या मुलाइतके चांगले आपल्यापैकी कुणाला सांगता येणार नाही. कदाचित त्या एका तासापुरते का होईना, त्याला वाटेल की शाळा आपलीही आहे.

आम्ही परत आलो तेव्हा मृगाचा पाऊस होऊन गेला होता. दादांनी टाकी उघडून उरलेले पाणी पाहिले. पंधरा-वीस लिटर असेल. मी म्हणालो, ओतून टाका आता, घर आले. ते काही बोलले नाहीत. बादलीत ते पाणी काढले आणि आमच्या दारातल्या कडुनिंबाच्या रोपाला घालून आले.